साकव आधी की टाकी?

ग्रामपंचायतीत आलेला प्रत्येक कागद आवक रजिस्टरला चढतो. किस्सा मात्र कुठंच चढत नाही. तो ज्याच्या तोंडात बसला त्याच्याकडेच राहतो. सहा महिन्यांत माझ्याकडे इतके जमलेत की जीपमध्ये शेजारी कोणी टेकलं की मी सुरूच होतो. आज तुम्ही सापडलात!

आधी थोडं सांगतो. मी नवसू. मोखाड्याहून जीप पकडली की शेवटी जिथं ड्रायव्हर "आता चाला" म्हणतो, तिथून पुढं आमचं गाव. माझा थोरला भाऊ काशिनाथदादा अकरा वर्षं ग्रामपंचायतीत शिपाई होता. भादव्यात त्याला ताप चढला. झोळीत घालून दवाखान्याला नेत होते, तर ओहोळ भरलेला. अलीकडच्या काठावरच दादा गेला. मी तेव्हा ठाण्याला बांधकामावर होतो. पंधरा दिवसांनी सरपंचताईंनी मलाच त्याच्या जागी रोजंदारीवर लावलं. शाळा मी सातवीत सोडली, पण किटली उचलायला सातवी पुरते.

गावाला निधी आला होता आणि दोन वर्षं नुसता पडून होता. कारण तो कशावर खर्च करायचा, हा ठरावच ग्रामसभा मंजूर करत नव्हती. वरच्या पाड्याला पाण्याची टाकी पाहिजे. आम्हा खालच्या पाड्याला ओहोळावर साकव, म्हणजे माणसं जातील एवढा पूल. वरच्यांना रस्त्यावर यायला डोंगराची वाट आहे, त्यांना ओहोळ लागतच नाही. पैसा एकाच कामापुरता. टाकीचं नाव निघालं की खालचे उठून जायचे, साकवाचं निघालं की वरचे. माणसं कमी झाली की कोरम मोडला, सभा तहकूब! मार्चपर्यंत ठराव झाला नाही तर निधी परत जाणार होता.

मला साकव पाहिजे होता. का, ते विचारू नका.

*

दादा सभेची खबर द्यायला दोन्ही पाडे पायी फिरायचा. मी म्हटलं, आता मोबाईल आहे, पाय कशाला झिजवायचे! ग्रुपवर मेसेज टाकला, "उद्या सकाळी दहा वाजता ग्रामसभा." खालचा पाडा आला. वरचा पाडा आलाच नाही. सभा तहकूब.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायला गेलो, तर अख्खा वरचा पाडा पायरीवर बसलेला. बायका लुगडी सावरून, म्हातारे टोप्या घालून.

"सभा कवा चालू होणार?" धर्मा बाबानं विचारलं. धर्मा बाबा म्हणजे वरच्या पाड्याचा सगळ्यात जुना माणूस. तो बसला की पाडा बसतो, तो उठला की पाडा उठतो.

"बाबा, सभा काल होती!"

बाबानं नातवाच्या हातातला मोबाईल माझ्यापुढं धरला. "काल आमच्याकडं रेंज आली. त्यात लिवलंय 'उद्या'. मग आज नाय तर कवा?"

ते मात्र तासभर बसून राहिले, आपसात चर्चा केली आणि टाकी मंजूर करून घरी गेले!

*

पुढच्या वेळी मी दोन्ही पाडे पायी फिरलो. माणसं लांबून उन्हाची आली. मला दया आली. म्हटलं, आधी चहा देऊ. चहा दिला, बिस्किटं दिली. लोकांनी कप ठेवले, "बरं आहे रं तुझा चहा" म्हणाले, आणि चालू लागले. सभागृहात उरले कोण? मी, किटली आणि आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब.

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे नवसू, तुझ्या दादानं अकरा वर्षं किटली नुसती दाखवली! ओतली ती ठरावानंतर!"

*

तालुक्याहून इंजिनियर साहेब जागा बघायला आले. माघ चालू होता. खालच्या पाड्याच्या जानूकाकानं त्यांना ओहोळावर नेलं. साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली, चार ढांगांत पलीकडं गेले आणि हसले. "अहो, गुडघाभर पण पाणी नाही! याला कशाला साकव?"

जानूकाका म्हणाला, "साहेब, भादव्यात या. अलीकडं आलात तर जेवायला घालतो. परत जायचं मात्र तुमचं तुम्ही बघा."

मग साहेब वरच्या पाड्यावर गेले. धर्मा बाबानं तांब्याभर पाणी दिलं. साहेब घटाघट प्यायले. "पाणी तर आहे की, बाबा!"

"हाय ना. पहाटे सून गेली होती, आता आली. चैतात या साहेब, तवा पाणी देणार नाय, लांबूनच दाखवीन!"

साहेबांनी वहीत काय लिहिलं देव जाणे. जाताना म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे." जानूकाका मला हळूच म्हणाला, "हे आमाला दोन वर्सं ठाव हाय. याच्यासाठी गाडी आणली व्हय?"

*

त्याच्या पुढच्या सभेला मी ठरवलं, आज कोणी उठून जाणार नाही. माणसं आत बसली, कोरम भरला आणि मी बाहेरून दाराला कुलूप लावलं! मस्त वाटलं. मग बघतो तर भाऊसाहेबच आत नाहीत. तालुक्यावरून फोन आला म्हणून ते जीप पकडून निघाले होते. ग्रामसेवकाशिवाय ठराव लिहिणार कोण? मी जानूकाकाच्या पोराची मोटारसायकल घेतली आणि जीपच्या मागं सुटलो. किल्ली माझ्या खिशात!

घाटात जीप गाठली, भाऊसाहेबांना उतरवलं, मागं बसवून आणलं. येईपर्यंत तास गेला. खिडकीच्या गजांना तोंड लावून सरपंचताई उभ्या होत्या. "या भाऊसाहेब, या! दोन वर्षांत पहिल्यांदा वरचा पाडा आणि खालचा पाडा एक झालाय. एकमतानं ठराव केलाय!"

भाऊसाहेबांना केवढा आनंद! "कुठला ठराव, ताई? साकव की टाकी?"

"नवीन शिपायाला काढून टाका!"

माझी नोकरी वाचली ती नियमामुळं. ठराव झाला तेव्हा ग्रामसेवक हजर नव्हते.

*

एकदा सभेत कोणीतरी सवयीनं हाक मारली, "काशिनाथ, पाणी आण रं!"

माझ्या हातात काचेचा ग्लास होता. तो मी भिंतीवर फेकला. का फेकला मला नाही माहीत. फेकल्यावरच कळलं की फेकला. ताईंनी नुसतं दाराकडं बोट दाखवलं. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

थोड्या वेळानं ताई स्वतः पाणी घेऊन आल्या. शेजारी बसल्या. मला वाटलं, आता समजूत घालतील. मी रडायच्या बेतात होतो.

"पी," त्या म्हणाल्या. "आणि हा ग्लास फेकू नको. शासनाचे आता पाचच राहिलेत."

मला हसू आलं. रडताना हसू आलं की नाकातून पाणी येतं, हे तुम्हाला माहीत असेलच.

*

दिवाळीनंतर आमचं अर्धं गाव वीटभट्टीवर असतं. पण शिमग्याला भट्टीवर कोणी थांबत नाही. मुकादम ओरडला तरी माणसं घरी येतात. म्हणून ताईंनी मार्चची शेवटची सभा होळीच्या आदल्या दिवशी ठेवली. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. किटली मी कोपऱ्यात दिसेल अशी ठेवली. ओतली नाही!

ताई उभ्या राहिल्या. "आवणीला, भात लावताना, सगळ्यांची वावरं एका दिवसात होतात का? नाय. मग कुणाचं आधी लावता? ज्याच्यात चिखल आधी झाला, त्याचं. आणि दुसऱ्याच्या वावरात जायला कोण नाय म्हणतं का? मग औंदा साकव. पुढच्या वर्षीच्या निधीतून टाकी. दोन्ही एकाच ठरावात लिहा, म्हणजे उद्या कोणी पलटणार नाय. हात वर करा!"

खालच्या पाड्याचे हात पटापट वर गेले. वरच्या पाड्याचा एकही नाही. सगळे धर्मा बाबाकडं बघत होते. बाबा मांडी घालून बसला होता, दोन्ही हात मांडीवर. भाऊसाहेबांचं पेन कागदावर थांबलेलं.

ताई म्हणाल्या, "बाबा?"

बाबा हलला नाही.

माझं डोकं फिरलं. शिपायानं सभेत बोलायचं नसतं. दादा अकरा वर्षं बोलला नव्हता. मी पुढं गेलो आणि ओरडलो, "बाबा, हात वर कर ना! आजून किती माणसं जायला पाहिजेत त्या ओहोळावर?"

कोणी माझा दंड धरला. बाबानं त्याला सोड म्हणून मान हलवली. मग माझ्याकडं बघत हळूच म्हणाला, "उजवा उठत नाय रं, पोरा. भादव्यापासून उठत नाय. तुझ्या दादाच्या झोळीचा बांबू म्होरल्या बाजूनं माझ्या खांद्यावर होता. पाणी उतरेपर्यंत उभे होतो. खाली सगळा चिखल. माणसाला चिखलात कसा ठेवायचा?"



बाबानं भाऊसाहेबांकडं मान वळवली. "डावा चालल का, साहेब?"

भाऊसाहेबांनी नियमाचं पुस्तक उघडलं. खाली मान घालून बराच वेळ एकाच पानाकडं बघत राहिले. मग चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "नियमात हात लिहिलाय, बाबा. कुठला, ते लिहिलेलं नाही."