एसी बंद करून घेतलेला लॅपटॉप

उल्हासनगरच्या त्या दुकानात शिरलो आणि मला पहिलाच लॅपटॉप पसंत पडला. एप्रिलच्या उन्हात बदलापूरहून स्कूटरवर आलेल्या माणसाला एसीत काहीही पसंत पडतं. पातळ, देखणा, कीबोर्डखाली रंगीत दिवे, आणि किंमत आमच्या साठ हजारांत बसणारी. मी लेकीला म्हटलं, "घेऊन टाक." मी आणलेल्या वांग्यांकडे तिची आई जशी बघते, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

लेक कॉलेजात शिकते आणि गेम खेळते. हा टाइमपास नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला बराच काळ गेला. त्यांची पाच मुलींची टीम आहे. कुणी नाशिकची, कुणी कोल्हापूरची, प्रत्यक्ष कधी भेटलेल्या नाहीत, पण हेडफोन लावला की सख्ख्या बहिणींसारख्या भांडतात. मागच्या सामन्यात भर दुपारी, बदलापूरच्या सोनिवलीतल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या घरात, तिचा जुना लॅपटॉप तापला आणि ऐन मोक्याला अडकून बसला. टीम हरली. कुणी तिला एक शब्दही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. कॅप्टनने एवढंच सांगितलं की दुसरी एक मुलगी बघून ठेवली आहे, येत्या रविवारी मात्र तूच खेळ. तेव्हापासून पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं. मी म्हटलं, हप्त्यावर चांगला महागाचा घेऊ. ती ऐकेना. अर्धे पैसे तिच्या शिकवण्यांचे होते आणि मर्यादाही तिनेच घातली होती.

दुकानदार सिंधी, वयाने माझ्याएवढा, बोलायला गोड. त्याने तीन लॅपटॉप काउंटरवर मांडले. लेकीने पिशवीतून हार्ड डिस्क काढली, परवानगी घेऊन तिन्हींवर एकच गेम टाकला आणि मग अगदी साळसूदपणे विचारलं, "काका, एसी बंद कराल?"

"बेटा, एसी बंद किया तो कस्टमर भाग जाएगा."

"तुमच्या एसीत सगळेच चांगले चालतील हो. मला आमच्या घरात चालणारा पाहिजे."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. खरं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्या माणसाला गंमत वाटली असावी. "चलो, ये भी देख लेते हैं," म्हणत त्याने एसी बंद केला आणि काचेचं दार सताड उघडलं. बाहेरची झळ लगेच आत आली. थोड्याच वेळात आम्ही तिघंही घामाने निथळत होतो.

ती आळीपाळीने तिन्हींवर खेळत होती. नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर. तो आकडा घसरला की खेळ अडखळणार, एवढं तिने मला समजावलं. मला आवडलेला देखणा लॅपटॉप सुरुवातीला सुसाट धावला आणि मग धापा टाकायला लागला. दुसऱ्याचीही तीच गत. तिसरा जाडजूड, काळा, स्क्रीन जरा फिकट, चार्जर विटेएवढा. त्याचा पंखा मिक्सरमध्ये चटणी फिरवल्यासारखा आवाज करत होता, पण आकडा जागचा हलला नाही. लेकीने खालून हात लावून पाहिला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "हा."

"दिसायला कसला आहे तो," मी कुरकुरलो.

"बाबा, मला काय त्याच्याशी लग्न करायचंय?"

दुकानदार खो खो हसला. एसी लावला, कोल्ड्रिंक मागवलं आणि मला म्हणाला, "साहेब, इसको मेरी दुकान में बिठा दो." मला तिचा इतका अभिमान वाटला की घासाघीस करायचंच विसरलो. ती तिने केली.

रविवारी दुपारी सामना होता. वरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. खोलीत ती, काळा लॅपटॉप आणि त्याची चटणी. मी आणि तिची आई बाहेर, टीव्ही बंद करून, श्वास रोखून. आतून तिची ओरडाआरड ऐकू येत होती, म्हणजे अजून अडकलं नव्हतं. मग अचानक सगळं शांत झालं. मी उठून दाराशी गेलो.

दार उघडून ती बाहेर आली. हेडफोन गळ्यात, चेहरा लालबुंद, तोंडभर हसू.

"बाबा, हरलो!"

"अगं, मग हसतेस काय?"

"लॅपटॉप मस्त चालला. माझंच चुकलं, घाई केली मी. सगळ्या मला जाम शिव्या घालतायत!"

आणि उरलेल्या शिव्या खायला ती पळत आत गेली.