म्हाताऱ्याचं न्हाणं

आमच्या निवडुंग मंडळाचे सगळे नियम मी लिहिले, आणि ते सगळे एकाच आठवड्यात मोडून दाखवणारी एकमेव सभासदही मीच.

निवडुंग गोळा करणाऱ्यांचं मंडळ असतं हे ऐकून लोक हसतात. हसू देत! आम्ही बावीस जण होतो. सगळ्यांच्या गच्च्या कुंड्यांनी भरलेल्या आणि बोटं काट्यांनी. एकमेकांना रोपं भेट द्यायची आमच्यात रीत होती, आणि मंडळातली झाडून सगळी भांडणं त्याच रीतीतून निघायची. तुम्ही पोटच्या पोरासारखं वाढवलेलं रोप कुणाला तरी प्रेमानं द्यावं, आणि सहा महिन्यांनी प्रदर्शनात त्यालाच किमतीची चिठ्ठी लटकलेली दिसावी, तर काय वाटेल? कुलकर्णी नावाच्या सभासदानं हा प्रकार केला तेव्हा भर सभेत मी उभी राहिले. (मला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. मला कधीच सांगावं लागत नाही.) घरी येऊन एका बैठकीत चार नियम लिहून काढले.

पहिला: भेटीचं रोप विकायचं नाही. दुसरा: ते पुढे कुणाला द्यायचं तर आधी मूळ देणाऱ्याला विचारायचं. तिसरा: देणारा घरी आला की त्याचं रोप त्याला दाखवायचं, सबबी सांगायच्या नाहीत. चौथा: एकदा भेट दिलेलं रोप कुणीही, कोणत्याही कारणानं, परत मागायचं नाही. शिवाय ओळखू यावं म्हणून भेटीच्या कुंडीला लाल दोरा बांधायचा, ही माझी खास सूचना. नियम टाळ्यांच्या गजरात मंजूर झाले आणि कुलकर्ण्यांवर वर्षाची प्रदर्शनबंदी आली.

"बाई, चूक कुणाच्याही हातून होते हो," कुलकर्णी म्हणाले.

"शिस्त असली की होत नाही," मी म्हटलं. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. कुलकर्ण्यांनी ठेवलं.

आता म्हाताऱ्याबद्दल. म्हातारा म्हणजे निवडुंगच. दीड वीत उंच, आणि शेंड्यापासून बुडख्यापर्यंत अंगभर लांब पांढरेशुभ्र केस. याला पिल्लं फुटत नाहीत आणि वाढतो वर्षाला बोटाच्या पेराएवढा, त्यामुळे हरवला तर दुसरा आणू म्हणायची सोय नाही. तो मला इंदूताई दामल्यांनी दिला होता. इंदूताई मंडळात सगळ्यांत ज्येष्ठ, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या नुसत्या 'बरं' म्हणाल्या तरी समोरच्याला आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचं.

त्या वर्षी त्या कायमच्या बडोद्याला मुलाकडे जायच्या होत्या आणि गच्चीवरच्या दीडशे कुंड्या एकाच लायक माणसाच्या हवाली करणार होत्या. त्यांत सोनेरी काट्यांचा, परातीएवढा एक गोळा होता. लपवत नाही, मला तो गोळा हवा होता. दुपारच्या झोपेत तो माझ्या स्वप्नात यायचा!

"प्रदर्शनाला मी नाही, बडोद्याला घर बघायला जातेय," इंदूताई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी तुमच्याकडे येते. म्हाताऱ्याला न्हाऊ घालते, कसा ठेवलाय ते बघते. मग ठरवते."

या म्हाताऱ्याला वर्षातून एकदा रिठ्याच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि मऊ ब्रशनं केस विंचरायचे असतात. मी मनातल्या मनात गोळ्याची जागासुद्धा ठरवून टाकली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी म्हाताऱ्याला त्याच्या जुन्या कुंडीतून काढून छान निळ्या कुंडीत लावला. चारचौघांत जायचं तर कपडे नकोत का चांगले? जुनी कुंडी रिकामी झाली म्हणून तिच्यात विक्रीसाठी आणलेला, कुठल्याही बांधावर उगवतो तसला चपटा निवडुंग खोचून दिला. लाल दोरा मात्र जुन्या कुंडीलाच राहिला. ही चूक ज्याच्या घरी दोनशे कुंड्या आहेत त्यालाच कळेल. बाकीच्यांनी दुसऱ्याच्या घरातली गंमत म्हणून वाचावं.

प्रदर्शनात जागा अपुरी, म्हणून दाखवायची आणि विकायची रोपं एकाच टेबलावर मांडून तिथे आमच्या ह्यांना बसवलं. हे सरकारी कचेरीत पंचवीस वर्षं नोकरी केलेले, त्यामुळे एकदा सांगितलं की काम चोख.

"हे बघा, लाल दोरा असेल ते विकायचं नाही. नसेल ते विकायचं. बाकी डोकं चालवायचं नाही," असं बजावून मी परीक्षकांना चहा द्यायला गेले.

तासाभरानं परत आले तर हे विजयी मुद्रेनं बसलेले.

"काय सांगू तुला! या दोऱ्याच्या कुंडीला पाच गिऱ्हाइकं आली. एक बाई तर हातापाया पडायच्या बाकी होत्या. मी म्हटलं, बाई, प्राण गेला तरी देणार नाही, भेटीचं आहे!"

मी बघितलं. प्राण पणाला लावून ह्यांनी बांधावरचा निवडुंग वाचवला होता.

"अहो, म्हातारा कुठाय?"

"कोण म्हातारा?"

"निळ्या कुंडीतला! पांढऱ्या केसांचा!"

"तो होय? दोरा नव्हता त्याला. बारा रुपयांना गेला. चिठ्ठीही नव्हती, मीच ठरवली किंमत." हे खुशीत म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी हळूच मंडळानं टांगलेल्या बोर्डावरचे नियम वाचले आणि दोन बोटं वर केली. "पहिला आणि दुसरा एका दणक्यात मोडला की गं."

कचेरीच्या सवयीनं ह्यांनी पावतीवर गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, दुकानाची खूण, सगळं लिहून घेतलं होतं. शेख, शिलाई मशीन दुरुस्ती, येरवडा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून येरवड्यात हजर. दुकानाच्या मागेच घर. शेखसाहेब साठीचे, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला, आणि मी सगळी हकीकत सांगितली.

"अरे अरे! फार वाईट झालं, बाई," ते कळवळून म्हणाले. "माझ्याकडे असता तर आत्ता आणून हातात दिला असता."

"म्हणजे? कुठे गेला?"

"आत आहे. पण आता तो माझा नाही. मी बायकोला भेट दिला."

"मग त्यांच्याकडून परत मागा ना! बारा रुपये देते, वर दुसरी चार रोपं देते."

शेखसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "कसं मागू? लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदा तिनं न सांगता मी काही आणलं घरात. काल रात्रीपर्यंत शेजारणींना बोलावून दाखवत होती. आणि बाई, तुमच्या प्रदर्शनातच बोर्ड होता. साहेब पावती लिहीत होते तेवढ्यात मी सगळा वाचून काढला. चौथा नियम, दिलेली भेट परत मागायची नाही. मला फार आवडला. कुणी लिहिलाय हो?"

हे छताकडे बघायला लागले. मी चहा संपवला.

"मी," म्हटलं.

घरी येताना पुलावर ह्यांनी स्कूटर हळू केली आणि मागे न बघता म्हणाले, "मागितलास म्हणजे चौथाही गेला. तिसरा तेवढा राहिलाय."

आता शहाणी बाई असती तर इंदूताईंना खरं सांगून मोकळी झाली असती. पण परातीएवढा गोळा डोळ्यांसमोर असताना शहाणपण सुचतं कुणाला? शनिवारी दुपारी मी गच्चीतला एक साधा उभा निवडुंग निवडला. उंची तीच, जाडी तीच, फक्त केस नाहीत. देवाच्या वातींसाठी आणलेला सगळा कापूस काढला, डिंकाची बाटली घेतली, आणि एकेक पुंजका पिंजून, ओढून, त्याच्या अंगभर चिकटवला. चार तास लागले! काटे टोचून बोटांची चाळण झाली. पण काम झालं ते असं की खुद्द म्हातारा आला असता तर भावाला भेटल्यासारखं वाटलं असतं त्याला.

"कसा दिसतोय?" मी ह्यांना विचारलं.

"थोडी सर्दी झाल्यासारखा. पण बरा आहे," हे म्हणाले. "इंदूताईंनी लांबून बघितला तर चालून जाईल."

न्हाणं लांबून घालत नाहीत, हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी इंदूताई आल्या. पिशवीत रिठ्याच्या पाण्याची बाटली, ब्रश आणि जुना मऊ पंचा. मी म्हटलं, "ताई, त्याला जरा बरं नाहीये. न्हाणं पुढच्या वर्षी घालू या का?" (नियम तिसरा, सबबी सांगायच्या नाहीत. मागून ह्यांनी चार बोटं दाखवली.)

"निवडुंगाला काय बरं नसतं? ताप आलाय?" असं म्हणत त्यांनी पदर खोचला, कुंडी बादलीवर आडवी धरली आणि रिठ्याचं पाणी ओतलं.

पहिला पुंजका अलगद बादलीत पडला.

"केस गळतायत," इंदूताई म्हणाल्या.

"हवा बदललीय ना," मी.

दुसरा पडला. तिसरा पडला. मग एका बाजूचा सबंध कापूस एकदम सुटला आणि रिठ्याच्या फेसावर तरंगायला लागला. म्हातारा अर्धा टकला झाला! इंदूताईंनी एक पुंजका चिमटीत धरला, नाकाशी नेला आणि हुंगला.

"डिंक," त्या म्हणाल्या. मग कुंडी खाली ठेवली, हात पुसले, आणि शाळेत विचारत असतील तशाच आवाजात विचारलं, "म्हातारा कुठाय?"

"येरवड्याला," मी जमिनीकडे बघत म्हटलं.

"हो का? कोणत्या गुन्ह्यात?"

मी सगळं सांगितलं. दोरा, निळी कुंडी, बारा रुपये, शेखसाहेब, कापूस. सांगता सांगता मला खरोखरच रडू आलं. गोळा गेला म्हणून थोडं, पण जास्त लाज वाटली म्हणून. कुलकर्ण्यांना मी वर्षभर बाहेर बसवलं होतं, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी निदान कापूस तरी चिकटवला नव्हता.

इंदूताईंनी बाटलीला बूच लावलं. "रिठा उरलाय. चला, रिक्षा बोलवा."

येरवड्यात शेखसाहेबांच्या पत्नी, नसीमभाभी, आम्हाला आत घेऊन गेल्या. खिडकीशी, उन्हात, पांढऱ्या स्वच्छ रुमालावर म्हातारा बसला होता. एकेक केस सुटा, चमकदार. माझ्याकडे पाच वर्षांत कधी इतका देखणा दिसला नव्हता मेला.

"बाई, धुतले नाहीत हां मी केस. भीती वाटली," नसीमभाभी इंदूताईंना म्हणाल्या. "रोज नुसते विंचरते. नातवाचा ब्रश आहे, मऊ. धुवायचे कसे तेवढं सांगाल का?"

इंदूताईंनी पुन्हा पदर खोचला. दोघींनी मिळून तासभर म्हाताऱ्याला न्हाऊ घातलं. मी पंचा धरून उभी होते. मध्येच इंदूताईंनी विचारलं, "वर गच्ची आहे का हो तुम्हाला? ऊन येतं?"

"गच्ची आहे की. मोकळीच पडलीय. का हो, बाई?"

मला कळलं. गोळा हातचा गेला, आणि त्याच वेळी, खरं सांगते, बरंही वाटलं. पुढच्या आठवड्यात दीडशे कुंड्या टेंपोतून येरवड्याला गेल्या. सोनेरी गोळा आमच्या ह्यांनी मांडीवर घेऊन नेला, कारण वाटेत त्याला धक्का लागू नये, असं मीच बजावलं होतं.

बडोद्याला निघायच्या आदल्या दिवशी इंदूताई आमच्या गच्चीवर आल्या. अर्धा टकला निवडुंग कोपऱ्यात लपवून ठेवला होता, तो त्यांनी बरोबर शोधून काढला. माझ्या हातावर एक रुपया ठेवला. "हा मी विकत घेतला," म्हणाल्या. मग पिशवीतून लाल दोरा काढला, कुंडीला नीट गाठ मारून बांधला आणि कुंडी परत माझ्याच हातात दिली. "आणि ही माझी भेट. नियम माहीत आहेत ना?"

विकता येत नाही. लपवता येत नाही. दोन वर्षांनी मी दुसऱ्या नियमाप्रमाणे बडोद्याला रीतसर पत्र टाकलं, की हा निवडुंग पुढे कुणाला दिला तर चालेल का? उलट टपाली कार्ड आलं: "चालणार नाही. तुमच्याकडेच शोभतो."

तेव्हापासून तो गच्चीच्या दारातच आहे. कुलकर्णी मुद्दाम येतात, चष्मा लावतात आणि विचारतात, "हा कोणत्या जातीचा, बाई? शिस्तीतला दिसतो!" दरवर्षी मी त्याला रिठ्याच्या पाण्यानं न्हाऊ घालते. डिंक अजून निघालेला नाही.