पहिल्या बटनावरचे तीन दिवे

गाण्याच्या पार्टीत मी गिटार वाजवतो. भीमगीतं, जयंतीचे कार्यक्रम, कुणी वारल्यावरचं पुण्यानुमोदन. बाभुळगाव असो की राळेगाव, बोलावलं तिथे जातो. आवाज बदलायला पायाशी तीन पेडल असतात. पूर्वी ध्रुपदातून कडव्यात जाताना मला तिन्हींवर पाय आपटावे लागत. आमचे गायक माइकवरूनच विचारायचे, "काहून भाऊ, सायकल चालवून राह्यला का?" लोक हसायचे. मला ते फार झोंबायचं.

म्हणून मी प्रोग्राम करता येणारा स्विचर मागवला. तिन्ही पेडल त्याला जोडायचे, कोणत्या बटनावर कोणते सुरू व्हायचे ते एकदा ठरवून द्यायचं, की मग एका दाबात काम. पहिल्या बटनावर मी मऊ, साधा आवाज ठेवला होता, एकच पेडल, म्हणून एकच दिवा लागायचा. चौथ्यावर मिरवणुकीचा दणका, तिन्ही दिवे. जोडायच्या आखूड वायरी घाटंजीतल्या रेडिओवाल्या चाचांनी बनवून दिल्या. पार्टीचा साउंडही तेच सांभाळायचे. त्यांनी मारलेला सोल्डरचा टाका सुटला, असं गावात कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हाताऱ्याला अभिमान होता तो तेवढाच.

राळेगावकडच्या एका गावात एका आजींचं पुण्यानुमोदन होतं. निघायच्या आधी मला बायकोपुढे मिरवायची हुक्की आली. पहिल्याच बटनावर तिन्ही पेडल चढवून मी घर दणाणून सोडलं, आणि बटनावर पाय जरा जास्तच वेळ ठेवला. तेवढ्याने नवीन सेटिंग कायमचं बसतं. पुस्तिकेत लिहिलेलं होतं म्हणे. पण पुस्तिका वाचेल तो मी कसला!

दुपारी मांडवात पांढऱ्या कपड्यातली माणसं बसलेली. फोटोपुढे मेणबत्त्या. त्रिशरण, पंचशील झालं. गायकांनी आईवरचं गाणं उचललं, मी पहिलं बटन दाबून तार छेडली आणि स्पीकर असा काही बोंबलला की आजींची थोरली लेक दचकून उठली. तिच्या हातातली मेणबत्ती खाली पडली.

मी खाली पाहिलं. पहिल्या बटनावर तीन दिवे. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर मी स्वतःलाही बरंच काही पटवून पाहिलं.

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "चाचा, तुमची वायर गेली वाटते."

चाचा वाकत वाकत आले. मी पायानेच स्विचर बंद केला, दिवे विझले. त्यांनी गिटार सरळ स्पीकरला जोडून दिली. कार्यक्रम पार पडला. परतताना गाडीत गायक म्हणाले, "चाचा, हात कापून राह्यले असतीन तं आता आराम करा." मी झोपेचं सोंग घेतलं. पुढच्या कार्यक्रमाला साउंडसाठी यवतमाळचा माणूस बोलावला गेला, तेव्हाही माझ्या तोंडाला कुलूपच.

आठवड्याने चाचांचा निरोप आला, स्विचर घेऊन ये. वायरी त्यांनी त्याच दिवशी काढून नेल्या होत्या. घरी मी पहिलं बटन गुपचूप दुरुस्त केलं आणि गेलो. टेबलावर सगळ्या वायरी होत्या, दोन्ही टोकं उघडून, प्रत्येक टाका नव्याने मारलेला.

"बेटा, फॉल्ट मले सापडला नाही," चाचा चष्मा पुसत म्हणाले. "टाका लूज असला तं आवाज बंद होते, असा बोंबलत नाही. चार दिवस डोकं लावलं. पण तू खोटं कायले बोलशीन? म्हनून सगळेच नवीन मारले. लावून पाह्य."

सांगायचं तर हीच वेळ होती. दुकानात आम्ही दोघंच होतो. मी वायरी जोडल्या, पहिलं बटन दाबलं. एकच दिवा लागला. तार छेडली, आवाज स्वच्छ निघाला.

चाचांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे माह्याच हाताचा फॉल्ट होता. हो ना?"

आणि मी हो म्हणालो.