ट्रॅक्टरची आंघोळ

लातूर जिल्हा झाला याचा आमच्या आत्याला झालेला आनंद अगदी साधा होता. जिल्ह्याच्या गावी सकाळी जाऊन दिवेलागणीला घरी परत येता येईल, एवढाच. त्याआधी आमचा जिल्हा उस्मानाबाद. तिकडं जायचं म्हणजे भाकरी बांधून घ्यायची, मुक्कामाला कुणाचं घर आहे का ते बघायचं, आणि शेवटी जाणंच रद्द करायचं. आता अहमदपूर तालुक्यातलं आमचं गाव लातूरचं झालं. आत्या म्हणायची, "आता जिल्हा म्हंजे लेकीचं घर. मनात आलं की निघावं."

जिल्ह्यामागोमाग लातुरात ट्रॅक्टरचं शोरूम आलं. त्याला म्हणे काचेची भिंत होती. ज्यानं ज्यानं ते पाहिलं तो गावात येऊन काचेबद्दलच बोलायचा, ट्रॅक्टरबद्दल कुणी नाही.

आत्याकडे ट्रॅक्टर होता तो मामांनी, म्हणजे तिच्या मालकांनी घेतलेला. पंचक्रोशीत पहिला. पहिल्या दिवशी त्यांनी पांढरं धोतर नेसून स्वतः तो गावभर फिरवला आणि धोतराला तेलाचा डाग पडला म्हणून दिवसभर हसत राहिले, असं आत्या सांगायची. पुढं मामा गेले. आत्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून मला तिच्याकडे धाडलं आणि स्टिअरिंग माझ्या हाती आलं. विशीतलं वय माझं. आपण मोठे चालक आहोत असं मला वाटायचं, आणि आत्याला वाटायचं की मी गिअर टाकतो तेव्हा मामांना वरती कळ येते.

त्या वर्षी दुष्काळ होता. पावसाळा कोरडा गेला आणि गावच्या विहिरीत माणूस उतरून दगडावर बसू शकेल अशी अवस्था झाली. तहसीलनं आमचा ट्रॅक्टर टँकरला जोडला. लांबच्या एका मळ्यातल्या विहिरीवर टाकी भरायची, आणून आमच्या विहिरीत सोडायची, मग बाया पोहरे टाकून पाणी शेंदणार. सरकारी टँकर होता, पण तो चार गावांचा पाहुणा. कुठं जेवेल सांगता यायचं नाही. खरा भरवसा आमच्या ट्रॅक्टरचा.

रस्ते नव्हतेच, फुफाटा होता. चाकाबरोबर धूळ उठायची आणि टँकर पुढं गेला तरी ती मागं उभी असायची. मी तोंडाला रुमाल बांधायचो. आत्यानं ते पाहिलं आणि म्हणाली, "तू रुमाल बांधतोस, त्या बिचाऱ्यानं काय करावं?"

आमच्याकडे घागरीच्या तोंडाला फडकं बांधल्याशिवाय पाणी भरत नाहीत. गाळून प्यायचं ही सवय आईच्या दुधाबरोबर आलेली. बॉनेटवर हवा ओढायची जी छत्री असते तिला आत्यानं तसंच फडकं बांधलं, चांगलं दुहेरी करून, गाठ मारून. कपडा मामांच्या धोतराचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट कौतुक वाटलं, आणि धूळ आत जाणारच नाही म्हणून खालची हवेची गाळणी साफ करायचंही मी सोडून दिलं.

थोड्या दिवसांत ट्रॅक्टर धाप लागल्यासारखं करू लागला. भरलेली टाकी चढाला नेताना काळाकुट्ट धूर ओकायचा आणि मध्येच मान टाकायचा. खेपा कमी झाल्या. विहिरीवर बायांचा आवाज वाढला. "पोराला गाडी हाकता येईना," असं त्या मला ऐकू जाईल एवढ्या हळू बोलायच्या. आत्याही त्यांच्याच बाजूची. शेवटी तिनं ठरवलं, "जिल्ह्याला न्यायचं. शोरूमच्या साहेबाला दाखवायचं. पर सांच्याला टाकी भरून गावात आलं पाहिजे."

पहाटे निघालो. मागं रिकामी टाकी, कारण येताना मळ्यावरून भरून आणायची होती. आत्या मडगार्डवर पदर खोचून बसली. निघायच्या आधी तिनं छत्रीचं फडकं सोडलं, झटकलं आणि पिशवीत ठेवलं. "जिल्ह्याला चाललो, डोक्याला चिंध्या बांधून कामून जायचं?" म्हणाली. वाटेत ट्रॅक्टर बरा चालला. आत्या म्हणाली, "वैद्याचं दार दिसलं की दुखणं पळतंय." मला वाटलं, टाकी रिकामी आहे म्हणून.

शोरूम मी आजही डोळ्यासमोर आणू शकतो. काच होतीच, पण काचेच्या आत एक नवाकोरा लाल ट्रॅक्टर होता आणि त्याच्यावर पंखा फिरत होता. पंख्याखाली उभा असलेला ट्रॅक्टर! आमच्या घरात पंखा नव्हता. फरशी इतकी गुळगुळीत की मी चप्पल बाहेर काढली. आत्यानं नाही काढली. ती थेट आत गेली आणि त्या लाल ट्रॅक्टरच्या चाकाला हात लावून उभी राहिली. मी दिपून गेलो होतो हे कबूल करतो. एवढं स्वच्छ, एवढं गार, आणि हे सगळं यंत्रासाठी.

डीलर साहेब पन्नाशीचे, इस्त्रीच्या कपड्यातले, बोलायला गोड. त्यांनी धुराची हकिकत ऐकली, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि काय काय करावं लागेल ते सांगायला सुरुवात केली. धुलाई, इंजिनचं तेल, हायड्रॉलिकचं तेल, ब्रेक, क्लच, नोझल, रंग, आणि शेवटी आवाज खाली आणून, "इंजिन उघडावं लागेल." डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतो तसं. मी प्रत्येक शब्दाला मान डोलवत होतो. काचेच्या घरातला माणूस खोटं कशाला सांगेल?

आत्या मान डोलवत नव्हती. तिनं स्टूल ओढलं, बसली आणि विचारलं, "साहेब, एकेक सांगा. ह्ये न्हाई केलं तर काय हुईल, आन कवा हुईल?"

साहेबांनी विचारलं, "कशाचं?"

"रंगाचं."

"रंग... गंजेल. दोन-चार वर्षांनी."

"मग त्ये दोन-चार वर्षांनी बघू. हायड्रॉलिकचं?"

"नांगर उचलायला जड जाईल."

"नांगरायला पाऊस लागतुया. पावसानंतर बघू. ब्रेक?"

इथं साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, भरलेली टाकी उतारावर मागून ढकलते. ब्रेक ढिला असला तर ट्रॅक्टर थांबत नाही. कधी होईल ते उतार ठरवेल."

"त्ये आजच करा," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे वळून, "ऐकलंस?"

असं एकेक चाललं. इंजिनचं तेल काळं झालं होतं, ते बदलायचं ठरलं. क्लचला अजून जीव होता, तो राहू द्यायचा ठरला. मी बघतच राहिलो. ज्या गोष्टींनी मी दबून गेलो होतो त्या ती बाजारातल्या भाजीसारख्या निवडत होती, ही घे, ही टाक. आणि गंमत म्हणजे साहेब चिडले नाहीत. प्रश्न सरळ आला की उत्तरही सरळ देत होते. मला वाटतं, त्यांना तसं आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मग इंजिनाची पाळी आली.

"न्हाई उघडलं तर?"

"धूर सांगतो की आत पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. वाटेत बसेल."

"कवा?"

"ते नाही सांगता येत, बाई. आज बसेल, महिन्यानं बसेल."

"आन उघडलं तर किती दिस?"

"आठ दिवस धरा."

आत्याचा प्रश्न इथं चालेना. आठ दिवस ट्रॅक्टर इथं, म्हणजे आठ दिवस गावात पाणी नाही. न उघडता नेला आणि मळ्याच्या वाटेवर बसला, तर किती दिवस पाणी नाही ते देवालाच ठाऊक. मी तिला इतकी वर्षं पाहत होतो, पण तिला काय करावं सुचत नाही असं कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली. शेवटी ती म्हणाली, "उघडा. काय करावं मग," आणि पदरानं तोंड पुसलं.

साहेबांनी मागच्या आवारातल्या मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री उंच, दाढीवाला, हातावर ग्रीसचे पट्टे. इंजिन उघडायचं म्हणजे आधी धुवायचं, धूळ आत पडायला नको, असा तिथला नियम. त्यानं बोअरची मोटर सुरू केली आणि पाइप उचलला. पाइपातून पाणी सुटलं. ते पाणी मी विसरू शकत नाही. मनगटाएवढी जाड, पांढरी धार, जोरात फुसफुसत आमच्या धुळकट मडगार्डवर आदळली आणि तिचा चिखल होऊन मातीत गेला. मी तसाच उभा. इतकं पाणी एका जागी मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"बंद करा!" आत्या ओरडली. अख्खं आवार थांबलं. "बंद करा म्हणते ना! धुतलं न्हाई तर काय हुईल त्याला?"

मिस्त्रीनं पाइप खाली केला. "मौसी, धूळ हाय वरती. इंजिनात गेली तर खराबी करंल."

"मग पुसून घ्या. फडक्यानं पुसा. पानी नगं."

"डिझेल लावून पुसतो. फडकं मोठं द्या एखादं."

आत्यानं पिशवीत हात घातला आणि ते फडकं काढलं. मामांच्या धोतराचं. देताना तिचा हात क्षणभर अडला, मी पाहिलं. मग दिलं.

मिस्त्रीनं ते डिझेलमध्ये बुडवायच्या आधी उलगडलं आणि तसाच थांबला. पांढऱ्या कपड्याच्या मधोमध एक काळं गोल वर्तुळ होतं, ताटाएवढं, जाड मळाचं. त्यानं फडकं उचलून छत्रीवर धरलं. वर्तुळ छत्रीवर बरोबर बसलं.

"मौसी," तो म्हणाला, "ह्ये इथं बांधलं व्हतं का?"

"हाव. धूळ जाऊ नये म्हणून. गाळून."

मिस्त्री हसला नाही. त्यानं खालची गाळणी उघडली, तेलाची वाटी सोडली. त्यात तेल नव्हतं, चिखल होता. तो साहेबांना दाखवला आणि मग आत्याला समजावून सांगू लागला. हवा त्या तेलावरून जाते, धूळ तेलाला चिकटते, गाळणी ती हीच. तेल बदलायचं, बस. "वरून तुमी कपडा बांधला, कपडा मळला, ह्याला सासच येईना. सास न्हाई तर डिझेल जळंना, डिझेल जळंना तर धूरच निघणार."

"म्हंजे मीच त्याचं नरडं दाबलं?" आत्यानं विचारलं.

मी वाटीतल्या चिखलाकडे पाहिलं. ती साफ करायचं काम माझं होतं.

साहेबांनी वाटी धुऊन नवं तेल घालायला सांगितलं आणि ट्रॅक्टर चालू करून आवारात फिरवायला लावला. धूर जवळजवळ नाहीसा. जोर पूर्वीचा. साहेब म्हणाले, "इंजिन उघडायची गरज नाही, बाई. ब्रेक आणि तेल करून देतो, दुपारी निघा." ते उघडून ठेवू शकले असते, आम्हाला काय कळणार होतं? तो माणूस मला तेव्हा काचेपेक्षा मोठा वाटला.

आत्या मात्र एवढ्यावर उठली नाही. चहा नको म्हणाली. "साहेब, तुमी धुलाई सांगितली व्हती."

"हो, ती नको म्हणालात ना."

"धुतला असं धरा. त्ये पानी टाकीत सोडा."

साहेबांनी मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीनं टाकीकडे. मग मिस्त्री टाकीवर चढला, झाकण उघडलं आणि पाइप आत सोडला. मोटर सुरू झाली. ब्रेक होईपर्यंत कुणी ती बंद केली नाही. टाकीच्या आत पाणी पडायचा तो घुमणारा आवाज मी उन्हात उभा राहून ऐकत होतो. आत्याही ऐकत होती. थोड्या वेळानं आवाज बारीक होत गेला आणि टाकी काठोकाठ झाली.

मळ्यावर थांबायचं कारण उरलं नाही. उतारावर ब्रेक लागला तेव्हा मला साहेबांचं बोलणं आठवलं. गावात पोहोचलो तेव्हा अजून ऊन होतं. बाया घागरी घेऊन विहिरीभोवती उभ्या. मी पाइप विहिरीत सोडणार, एवढ्यात आत्या मडगार्डवर उभी राहिली. मला वाटलं, शोरूमची काच सांगणार.

"पोराची चूक न्हवती," ती मोठ्यानं म्हणाली. "ट्रॅक्टर चांगला हाय. मी त्याच्या नाकाला ह्यांचं धोतर बांधलं व्हतं. माझ्यामुळं तुमच्या पोराबाळांना पानी कमी पडलं."

गावात गड्यांपुढंही आवाज चढवून बोलणारी ती एकटीच बाई होती आणि ती असं काही बोलेल हे कुणाला खरं वाटेना. मग एक म्हातारी पुढं आली, आत्याच्या वयाची, आणि म्हणाली, "लई जीव लावलास बाई, म्हणून असं झालं. उतर खाली, पानी सोड."

मी पाणी सोडलं. कोरड्या दगडावर ते पडलं आणि पोहरे एकदम खाली गेले.

घरी आल्यावर आत्यानं आमच्या वाट्याच्या घागरीतून एक तांब्या पाणी घेतलं. ट्रॅक्टर ओट्यापुढं उभा होता, चिखलाच्या दोन ओघळांनी माखलेला. मला वाटलं, त्याच्यावर ओतणार. पण तिनं दगडावर बसून ते धोतराचं फडकं धुतलं. वर्तुळ काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं ते टाकीच्या तोंडाला बांधलं आणि मला म्हणाली, "चल." दुष्काळ संपेपर्यंत गावानं मामांच्या धोतरातून गाळलेलं पाणी प्यायलं.