दोराचं दुसरं टोक

घर बघायला जाताना मी प्रश्नांची यादी घेऊन जाते. पाणी किती वाजता येतं, मीटर वेगळा आहे का, पावसाळ्यात भिंतीला ओल येते का. सारसोळ्यातल्या जोमाकाकांनी या सगळ्यांची उत्तरं उभ्या उभ्या दिली. "टीव्हीची अँटेना कुठे लावायची?" या शेवटच्या प्रश्नावर मात्र ते ओट्यावर खाली बसले.

"काठी मी लावून देनार. वारा आला, फिरली, तं मी फिरवनार. तुमी कोनी छपरावर पाय ठेवायचा नाय. कबूल असंल तं सामान आना."

मला नवल वाटलं. महापेच्या कारखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांची घरमालकांबद्दल एकच तक्रार असायची. अँटेनाचं नाव काढलं की मालक म्हणायचा, टीव्ही तुमचा, तुमचं तुम्ही बघा. इथे साठी ओलांडलेला मालक स्वतः चढायला तयार होता.

काका जन्माचे कोळी. तोवर होडी मुलाच्या हाती गेली होती. मुलगा खाडीवर आणि म्हातारा घरी. सून हिरा बाजारात मासळी विकायची. घराला सिमेंटचे पत्रे होते आणि मागच्या दोन खोल्या आमच्याकडे होत्या. खाडीवरचा वारा अँटेना फिरवायचा आणि नेमक्या रविवारी संध्याकाळी, सिनेमाच्या वेळी, पडद्यावर मुंग्या यायच्या. मग काका शिडी लावायचे. मी सेटजवळ, आमचे हे अंगणात, काका वर. मी ओरडायची, हे तेच पुन्हा ओरडायचे.

"डावीकडे!"

"कुनाच्या डावीकडं? तुमच्या का माझ्या?" वरून आवाज यायचा. "खाडीकडं का डोंगराकडं, तसं सांगा ना!"

तेव्हापासून आमच्या घरात डावं-उजवं संपलं. "खाडीकडे, थोडं अजून. पुरे, आता जरा डोंगराकडे." चित्र आलं की काका उतरून उंबऱ्यावर बसायचे. खुर्ची दिली तरी घ्यायचे नाहीत. "घर माझं, पन बैठक तुमची," म्हणायचे आणि सिनेमा बघत बशीत चहा ओतायचे.

सगळं असं हसतखेळत चाललं होतं, पण हिराच्या चेहऱ्यावर कधी हसू नसायचं. एका सकाळी नळावर तिने मला गाठलंच.

"ताई, तुमच्या शिनेमापायी आमचा म्हातारा वरनं जाईल एक दिवस."

"आम्ही चढतो म्हटलं तर ते ऐकत नाहीत, हिरा."

"कसं ऐकतील?" तिने हंडा बाजूला ठेवला. "तुमच्या आधी सातारकडचं बिऱ्हाड होतं. त्या दादानं मामांना सांगितलं, अँटेना फिरवून द्या. मामा म्हनले, टीव्ही तुमचा, काठी तुमची, तुमीच चढा. चढला तो. पत्रा फुटला. कमरेचं हाड मोडलं त्याचं. नोकरी गेली, बायकापोरं घेऊन गावी गेला. टीव्ही गोधडीत बांधून नेला. तवापासनं मामा रातचे उठून बसतात."

कोणीही काकांना दोष दिला नव्हता. ठरल्याप्रमाणे ती जबाबदारी भाडेकरूचीच होती. पण काकांनी ती आमच्याकडून काढून स्वतःकडे घेतली होती, आणि आता त्यांचं वय चढण्याचं राहिलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी त्यांचा पाय घसरला. पत्र्याची कड तुटून अंगणात पडली. काका ओट्याच्या खांबाला धरून लोंबकळले, मग कसेबसे शिडीवर आले. आम्ही दोघांनी त्या रात्री ठरवलं, यापुढे त्यांना वर फार वेळ ठेवायचं नाही.

म्हणून पुढच्या वेळी मी पहिल्याच हाकेला ओरडले, "आलं, आलं! उतरा काका!" पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. काका येऊन उंबऱ्यावर बसले. बशी हातात घेतली. पडद्याकडे बोट केलं.

"हे काय हाय?"

"चित्र आहे की. स्पष्ट आहे," हे म्हणाले.

काकांनी भरलेली बशी खाली ठेवली. "मी म्हातारा झालो, मास्तर. आंधला नाय झालो."

आमचे हे शाळेत शिकवायचे. त्या दिवशी ते विद्यार्थ्यासारखे उभे राहिले. काका चहा न घेता गेले. आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. घर सोडायला सांगणार, असं मी धरून चालले होते. दुसरीकडच्या खोल्यांची चौकशीही सुरू केली.

रविवारी ते आले ते होडीचा जाड दोर खांद्यावर टाकून. त्यांनी तो ह्यांच्या कमरेला बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. दुसरं टोक छपरावरून घराच्या पलीकडे फेकलं, तिकडे जाऊन माडाला एक वेढा घातला आणि हातात घट्ट धरलं.

"चढा आता. खिळ्यांच्या रांगेवरनं चाला, तिथं खाली लाकूड हाय."

"काका, तिकडून तुम्हाला मी दिसणार नाही," हे म्हणाले.

"बघायचं कशाला? दोराला कलतं. भाडेकरू वर गेला तं मालकानं दोर धरायचा. मना हे आधी सुचाया हवं होतं."

चित्र आलं तशी मी सेट सोडून घराच्या मागे गेले. काका डोळे मिटून उभे होते. दोर हातांत इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. पलीकडून हे उतरले, तरी काकांनी दोर सोडला नाही. छपरापलीकडे ओरडून विचारलं, "पाय टेकलं?"

"टेकले, काका!"

मगच हात सैल झाले. पुढे प्रत्येक वेळी काका असंच विचारायचे. अगदी ताप असतानाही येऊन दोर धरायचे. सिनेमा मात्र पूर्वीसारखा बघायचे नाहीत. चहा घेऊन लगेच उठायचे.

काका थंडीत गेले. दोन-चार दिवसांचं छातीचं दुखणं झालं, इतकंच. त्यानंतर वाऱ्याने अँटेना फिरली, ती आम्ही तशीच राहू दिली. सेटवर मी कापड टाकलं.

दिवस-कार्य उरकल्यावर एका रविवारी दारात हिरा उभी राहिली. हातात तोच दोर.

"भाऊजी, चढताय ना?"

"राहू दे गं," मी म्हणाले. "काही अडलेलं नाही."

"अडलंय," ती म्हणाली. "मालकीन मी हाय आता."

तिने ह्यांच्या कमरेला गाठ मारली, दोनदा ओढली आणि घराच्या मागे निघून गेली. मी कापड काढून सेट लावला. "खाडीकडे," मी ओरडले, "अजून थोडं." मुंग्या विरळ झाल्या, चेहरे दिसू लागले. शिडी करकरली. आणि छपरामागून हिराचा आवाज आला, "पाय टेकलं?"