बाहेरचं

“मुंबई काय पळून जातेय?” पनवेलहून मुंबईला निघालेल्या कुणाचीही घाई दिसली, की मावशी जिन्यातच अडवून विचारायच्या. तुमच्याही इमारतीत अशी एखादी असेल, पायरीवर बसून पालेभाजी निवडणारी आणि येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेणारी. मला त्या पुस्तकराव म्हणत. “पुस्तकराव, चष्मा पुसा, म्हणजे शेजारी दिसतील.”

मावशी बेने इस्रायल, कोकणातल्या मराठी ज्यू. मुलगा इस्रायलला स्थायिक झालेला. नात तिकडे सैन्यात गेली तेव्हा मावशींनी एलियाहू हन्नाबीला, त्यांच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस केला: पोरगी सुखरूप सुटली, की तिला माझ्या हातचा मलिदा भरवीन. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. दुसऱ्यांच्या नवसांचा मलिदा मी त्यांच्याकडे कितीदा खाल्ला होता.

पोरगी सुखरूप सुटली. मुलगा बायकोला आणि तिला घेऊन सुटीत मुंबई पाहायला आला. बाजार झाले, म्युझियम झालं, चौपाटी झाली. पनवेल रोज उद्यावर. शेवटी फोन आला, “आई, ट्रॅफिक फार आहे गं. तूच ये ना इकडे.”

मावशींनी मलिदा केला. मी सोबत गेलो. मंडळी घारापुरीची लेणी बघून बोटीने परतायची होती. गेटवेजवळच्या कठड्यावर आम्ही उन्हात बसून राहिलो. मी धुसफुसायला लागलो तर म्हणाल्या, “बसा हो. त्यांना काय रोज बघायला मिळतं?”

मंडळी आली. गळाभेटी झाल्या. मावशींनी डबा उघडला, नातीने हात पुढे केला.

“नको आई,” मुलगा म्हणाला. “बाहेरचं काही खायचं नाही असं ठरवलंय आम्ही. पोट बिघडलं तर ट्रिप वाया जाईल.”

“बाहेरचं?” मावशी म्हणाल्या. एवढंच.

“नवस आहे त्यांचा,” मी म्हणालो. “एक घास खाऊ दे तिला.”

“काका, प्लीज. गाडी थांबलीय.” त्याने मोबाइल मावशींच्या हातात दिला. “आई, आमचा एक फोटो काढ पटकन.”

डबा कठड्यावर ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी फोटो काढला. कधी नव्हे ते मला ओरडावंसं वाटलं.

परतताना कळंबोली आली तेव्हा मावशींनी मांडीवरच्या डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. मग म्हणाल्या, “फिटला नाही हो नवस.” पुस्तकं वाचून अशा वेळी काही उपयोग होत नाही.

त्याच वर्षी मावशी गेल्या. सोसायटीच्या फळ्यावर लावायला मी मुलाकडे त्यांचा फोटो मागितला. त्याने गेटवेचा पाठवला. तिघंही हसत होते. मावशी त्यात नव्हत्या. खाली लिहिलं होतं, “आईचा अलीकडचा हाच सापडला, ती यात असेल बहुतेक. कोपऱ्यात कुणाचं तरी बोट आलंय, तेवढं कापून घ्या.”

मी फोटो छापून आणला आणि कात्री घेतली. त्या तिघांना कापून टाकलं. उरलेलं बोट फळ्यावर लावलं आणि खाली मावशींचं नाव लिहिलं.