मिठागरातले पाढे

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली तेव्हा माझ्या पिशवीत एक छापील तक्ता, दोन पेन्सिली आणि अंगात भरपूर तोरा होता. उरणजवळच्या एका मिठागर वस्तीतली शाळा चालू ठेवायची की बंद करायची, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार होते. पुण्याच्या आमच्या शिक्षण मंडळाने मला परीक्षक म्हणून धाडले होते.

मोरा बंदराला पोचलो तर ओहोटी; लाँच धक्क्याला लागेना. होडीतून चिखलात पाय टाकला आणि डाव्या पायातला जोडा तिथेच राहिला. उजवा हातात घेऊन, थोडे टांग्याने, थोडे अनवाणी, मी बरोबर अकराला शाळेत पोचलो. आत चिटपाखरू नव्हते. दाराशी एक म्हातारी सुकट (वाळवलेली कोळंबी) निवडत होती.

"मुले कुठे आहेत, आजी?"

"खारान (मिठागरात) गेलीत. मास्तर बी खारान."

माझे डोके फिरले. तिथल्या तिथे तक्त्यावर 'शाळा बंद आढळली' असे लिहिले आणि मास्तरांना चार शब्द सुनवायला बांधावरून निघालो.

बांध ओलांडला आणि थबकलोच. पुढे थेट खाडीपर्यंत मिठाचे वाफे. त्यातल्या एकात तीसचाळीस बायका-मुले एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून ओला तळ तुडवून घट्ट करत होती, आणि त्या तालावर दिडकी (दीडचा पाढा) म्हणत होती. एक पाऊल, एक आकडा.

मास्तर त्याच वस्तीतले. चिखलातूनच हात जोडून म्हणाले, "साहेब, उद्या पुनवेचा उधान. आज तल झाला न्हाय तं पानी घेता येनार न्हाय. शाला बंद न्हाय, हितं हाय."

"मग परीक्षाही इथेच घेतो," मी गुरकावलो. एका मुलीला विचारले, "सव्वा मणाच्या चोवीस गोणी. मीठ किती?"

"तीस मन."

"पावणेदोन मणाच्या सदतीस?"

मुलगी अडखळली. मागच्या रांगेतून, पाय न थांबवता, एक बाई म्हणाली, "पावनेपासट मन."

मी कागदावर गुणाकार केला. बरोबर होता. तोवर रांग दुसऱ्या टोकाला पोचली होती.

बाईंचे नाव बायजाबाई. "कोणी शिकवले?" मी विचारले.

"पोरां बोलतात, आमी पाय मारताव." मग जरा थांबून म्हणाल्या, "साहेब, आमचा नाव पटावर घेशाल का?"

"वय किती?"

"ठाव न्हाय. मिठाचे बावीस हंगाम केलं."

दुपारी बांधावर तांदळाची भाकरी खाल्ली. सुकटीला हात लावला नाही, पण भाकऱ्या तीन संपवल्या.

परतीच्या लाँचमध्ये पहिला शेरा खोडला आणि 'शाळा चालू' असे लिहिले. विद्यार्थ्यांच्या यादीत शेवटी बायजाबाईंचे नाव घातले. वयाच्या रकान्यात 'मिठाचे बावीस हंगाम'. मला लहानपणी बाक, दिवा, शिकवणी सगळे मिळाले होते आणि मी ते स्वतःचे कर्तृत्व समजत आलो होतो. त्याची लाज वाटली.

मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी त्या रकान्यावर बोट ठेवले. "हे नाव काढा," ते म्हणाले.

मी त्यांना पावणेदोन मणाच्या सदतीस गोणींचे मीठ विचारले. त्यांनी कागद मागितला.

नाव राहिले. शाळाही.